गॅसचं बिल अचानक वाढलं? कारण शोधायचा नेमका क्रम

पाइपने येणाऱ्या गॅसचं बिल नेहमीच्या दीडपट-दुप्पट आलं की घरात पहिला संशय गीझरवर जातो, दुसरा आंघोळीला वेळ लावणाऱ्यावर आणि तिसरा मीटरवर. बिलाचा कागद मात्र रकमेच्या पुढे कुणी वाचत नाही. मीही एकदा हेच केलं. मेकॅनिक बोलावला, गीझर उघडून साफ करून घेतला, त्याचे पैसे दिले आणि आठवडाभराने बिलावरच्या तारखा नीट पाहिल्या, तर त्या बिलात नेहमीपेक्षा तब्बल तीन आठवडे जास्त धरलेले. गीझर बिचारा निर्दोष होता.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग मीटर, मग गळती, मग वापर आणि सगळ्यात शेवटी तक्रार. मधली पायरी गाळून पुढे गेलात, तर पुढच्या पायरीवर जे सापडेल त्याचा अर्थ लावता येत नाही. मीटर दुसऱ्याचाच असेल, तर तुमच्या वापराची वही कितीही काटेकोर ठेवा, तिचा उपयोग शून्य.

या क्रमाला एकच अपवाद: गॅसचा वास. वास येत असेल तर बिल, वही, चाचणी सगळं सोडा. आधी ज्योती विझवा, दारं-खिडक्या उघडा, हाताशी असेल तर मुख्य कॉक बंद करा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. विजेचं कोणतंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन बाहेर गेल्यावरच करा.

## तयारी: बसण्याआधी काय जमवायचं

गेल्या वर्षभराची बिलं काढा. सगळी नाही मिळाली तरी मागची तीन आणि गेल्या वर्षी याच दिवसांतलं एक, एवढी हवीतच. थंडीतल्या बिलाची तुलना उन्हाळ्यातल्या बिलाशी करून काही हाती लागत नाही. सोबत एक वही, टॉर्च आणि फोटो काढायला मोबाइल ठेवा. भांडी घासायचा द्रव साबण आणि जुना मऊ ब्रशही काढून ठेवा, पुढे लागेल.

## पायरी १: रक्कम झाका, युनिटं आणि दिवस वाचा

बिलावरची रक्कम अक्षरशः बोटाने झाका. त्या आकड्यात वापर, दर, कर, स्थिर आकार, मागची थकबाकी, विलंब शुल्क आणि कधी कधी अनामतीचा हप्ताही मिसळलेला असतो. आपल्याला आधी फक्त दोन गोष्टी हव्यात: किती युनिटं आणि किती दिवसांची.

समजा मागचं बिल ५८ दिवसांचं होतं आणि त्यात ३० युनिटं होती (या उदाहरणांत १ युनिट म्हणजे १ घनमीटर गॅस धरू). नवं बिल ७३ दिवसांचं, ४६ युनिटांचं. वरवर पाहता वापर ५३ टक्के वाढला. आता दिवसांनी भागा. आधी रोजचं ०.५२ युनिट, आता रोजचं ०.६३. म्हणजे खरी वाढ २२ टक्क्यांच्या आसपास. बाकीचं सगळं जास्तीच्या १५ दिवसांचं. या २२ टक्क्यांचं कारण शोधायला हवंच, पण ते दुप्पट झालेल्या वापराच्या कारणापेक्षा वेगळं असतं.

यातून तीन शक्यता निघतात:

- रोजची युनिटं तेवढीच, दिवस जास्त: प्रश्न संपला. पुढचं बिल नेहमीसारखं येईल.
- रोजची युनिटं तेवढीच, दिवसही तेवढेच, रक्कम जास्त: दर, थकबाकी किंवा एखादा वेगळा आकार. मागच्या आणि नव्या बिलातल्या ओळी शेजारी ठेवून वाचा. मागचा भरणा जमा झालाय का, हेही तिथेच कळेल.
- रोजची युनिटंच वाढलेली: पुढे चला.

दर टप्प्यांनी वाढणारा असेल, तर युनिटं थोडी वाढली तरी रक्कम बरीच उडी मारते. वरच्या टप्प्यात गेलेली युनिटं महाग पडतात.

तपासा: मीटर आणि बिल एकाच मापात आहेत का? मीटर घनफुटात आणि बिल घनमीटरमध्ये असेल, तर १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. काही ठिकाणी बिल किलोवॅट-तासात असतं. १ घनमीटर नैसर्गिक वायूतून साधारण १० ते ११ किलोवॅट-तास उष्णता मिळते. मीटरचं माप त्याच्या तबकडीवर छापलेलं असतं.

## पायरी २: रीडिंग खरं की अंदाजे?

रीडिंगच्या आकड्याशेजारी एखादं अक्षर, खूण किंवा ‘सरासरी’, ‘अंदाजे’ असा शब्द असतो. बारीक टायपात असतो, पण असतो. घर बंद होतं, मीटरपर्यंत जाता आलं नाही, असं काही झालं की आधीच्या वापरावरून आकडा धरला जातो. नंतर कधीतरी कुणी येऊन खरा आकडा वाचतो आणि साठलेला सगळा फरक एकाच बिलात येऊन पडतो.

हे कसं घडतं ते बघा. सुरुवातीला मीटर ४०० वर होता आणि तुमचा वापर दर बिलाला ३० युनिटं. दोन बिलं अंदाजाने २० युनिटांची आली, म्हणजे कागदावर आकडा ४४० झाला. मीटर प्रत्यक्षात ४६० वर होता. तिसऱ्या वेळी खरं वाचन झालं: ४९०. बिल आलं ५० युनिटांचं. घरात गोंधळ. पण तिन्ही बिलांची बेरीज ९०, सरासरी ३०. वापर तसूभरही वाढलेला नाही.

इथे बहुतेक जण दिलासा मिळाला म्हणून थांबतात. थांबू नका. दर टप्प्यांचे असतील, तर तीन बिलांचा वापर एकात कोंबल्यामुळे तुमची काही युनिटं उगाचच महाग टप्प्यात गेली असू शकतात. हा फरक त्या-त्या काळात वाटून द्यावा, अशी मागणी करता येते.

मधल्या काळात मीटर बदलला असेल, तर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा हे दोन्ही बिलात बरोबर आलेत का, तेही पाहा. नव्या मीटरचं मागचं रीडिंग म्हणून जुन्या मीटरचा आकडा राहून गेला, तर वजाबाकीला काही अर्थच उरत नाही.

## पायरी ३: मीटरपुढे उभं राहून दोन प्रश्न

पहिला: हा मीटर आपलाच आहे का? बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला किंवा छापलेला क्रमांक एकेक अंक जुळवा. भिंतीवर खडूने लिहिलेला किंवा चिठ्ठीवरचा घर क्रमांक पुरावा धरू नका. एका ओळीत आठ-दहा मीटर असतील, तर क्रमांक जुळूनही मीटरचा पाइप भलत्या घराला जोडलेला असू शकतो. म्हणून घरच्या कुणाला तरी शेगडी मोठ्या आचेवर पेटवायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. शेवटचा अंक सरकायला लागला पाहिजे. मग शेगडी बंद, बाकी सगळं बंद. आता थांबला पाहिजे. असं दोन-तीनदा करा. तुमची शेगडी पेटली की शेजारचाच मीटर पळत असेल, तर शोध इथेच संपला.

इशारा: ओळख पटवायला म्हणून मीटरखालचे कॉक फिरवत बसू नका. दुसऱ्याच्या घरची ज्योत विझेल आणि तुम्ही कॉक परत उघडलात की त्या बर्नरमधून न जळलेला गॅस बाहेर पडत राहील.

दुसरा: आपण आकडा बरोबर वाचतोय का? बहुतेक मीटरांवर काळ्या खिडकीतले अंक पूर्ण घनमीटर दाखवतात आणि लाल चौकटीतले दशांश. बिलासाठी काळेच अंक. स्वतः रीडिंग कळवणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाल अंकही जोडून पाठवणं. ०२४१७ च्या जागी २४१७३८६ गेलं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. काटेवाला मीटर असेल, तर शेजारशेजारच्या तबकड्या उलटसुलट दिशेने फिरतात आणि काटा दोन अंकांमध्ये असेल तेव्हा लहान अंक घ्यायचा. फक्त ० आणि ९ च्या मध्ये असेल, तर ९.

आता काळे-लाल सगळे अंक आणि मीटर क्रमांक एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा. आजचं रीडिंग बिलातल्या ‘चालू’ रीडिंगपेक्षा कमी भरलं, तर बिल चुकीचं आहे. मीटर मागे जात नाही.

## पायरी ४: बंद-चाचणी

साऱ्या शोधातली ही सगळ्यात कामाची पायरी, आणि घाईत सगळ्यात जास्त बिघडणारीही हीच.

रात्री सगळं आवरल्यावर गॅसवर चालणारी प्रत्येक वस्तू बंद करा: शेगडीचे नॉब, ओव्हन, गीझर, खोल्या तापवणारा बॉयलर असेल तर तोही. गीझर बंद म्हणजे ‘नळ सोडलेला नाही’ एवढंच नव्हे. त्याचं स्विच किंवा नॉबही बंद. जुन्या प्रकारच्या गीझरमध्ये आत एक लहान पायलट ज्योत सतत जळत असते. ती विझवायला विसरलात, तर मीटर फिरेल आणि तुम्ही गळतीच्या मागे लागाल. मुख्य कॉक मात्र उघडाच ठेवा. तो बंद केला, तर चाचणीत काहीच कळणार नाही.

आता लाल अंकांसकट रीडिंग आणि वेळ लिहा. सकाळी कुणी काही पेटवायच्या आधी पुन्हा लिहा. एक उदाहरण:

रात्री १०.४० — २४१७.३८६
सकाळी ६.४० — २४१७.४६२

फरक ०.०७६ घनमीटर. तीन दशांश स्थळांच्या मीटरवर शेवटचा लाल अंक म्हणजे १ लिटर, म्हणजे आठ तासांत ७६ लिटर, तासाला साडेनऊ लिटर. ऐकायला किरकोळ. पण हेच २४ तास, ६० दिवस चाललं, तर १३.७ घनमीटर होतात. वरच्या उदाहरणातल्या ४६ युनिटांशी ताडून पाहा, म्हणजे ‘किरकोळ’ गळती बिलात कशी दिसते ते कळेल.

नेहमीची चूक: पंधरा मिनिटं थांबून ‘फिरत नाही’ म्हणणं. तासाला साडेनऊ लिटरच्या वेगाने पंधरा मिनिटांत दोनच अंक सरकतात. नजरचुकीने ते सहज सुटतात. रात्रभर जमत नसेल, तर निदान दोन तास द्या.

तपासा: मीटर जागचा हलला नाही, तर बिल वाढण्याइतकी गळती नाही, एवढाच त्याचा अर्थ. फारच बारीक गळती मीटरला जाणवत नाही. त्यामुळे पुढे कधी वास आला, तर ‘चाचणी केली होती’ म्हणून दुर्लक्ष करू नका.

मीटर हलला नसेल, तर थेट पायरी ६.

## पायरी ५: मीटर हलला, आता कुठे?

वास येत नसेल, दिवस उजाडलेला असेल आणि खिडक्या उघड्या असतील, तरच ही पायरी करा. नाक सवयीने मंदावतं. ज्या खोलीत रात्रभर होतात तिथला वास तुम्हाला येणार नाही, म्हणून बाहेरून आलेल्या कुणाला तरी आधी आत येऊन वास घ्यायला सांगा.

मीटरनंतरचा आपल्या घराचा कॉक बंद करा आणि अर्धा तास थांबा. तरीही अंक सरकत असतील, तर गडबड त्या कॉकच्या अलीकडे किंवा कॉकमध्येच आहे. तिथे तुमचं काही काम नाही, कंपनीला कळवा. थांबले असतील, तर घरातल्या गॅसच्या पाइपची एखादी फांदी गळते आहे. गॅसची सगळी उपकरणं बंद असल्याची पुन्हा खात्री करून कॉक उघडा. मग उपकरणांचे कॉक एकेक करून बंद करा, दरवेळी अर्धा तास. ज्या कॉकनंतर मीटर थांबेल, त्याच्या पुढच्या नळीत किंवा उपकरणात दोष.

नेमकी जागा साबणाने सापडते. द्रव साबण पाण्यात ढवळून दाटसर फेस करा आणि ब्रशने नळीच्या दोन्ही टोकांना, कॉकच्या भोवती, जोडांवर लावा. लावताना उठलेले बुडबुडे फुटून जातात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. टॉर्च धरून मिनिटभर थांबा. गळतीच्या जागी एकच बुडबुडा बसल्या जागी हळूहळू फुगतो, फुटतो आणि पुन्हा तिथूनच वर येतो. एकदा पाहिलात की परत ओळखायला चुकणार नाही.

इशारा: काडी किंवा लायटर धरून गळती शोधायची नाही. एकदाही नाही. आणि सापडलेला जोड स्वतः पान्याने आवळायचा नाही. आवळताना जोडाचे आटे गेले की बारीक गळती मोठी होते. कॉक बंद ठेवा आणि परवानाधारक माणूस बोलवा. दुरुस्तीनंतर बंद-चाचणी पुन्हा करा, त्याच्यासमोरच.

## पायरी ६: गळती नाही, मग वापर

इथे नुसतं शेगडीकडे बघून भागत नाही. बघायचं असतं गरम पाण्याकडे.

शेगडीचा मध्यम बर्नर साधारण २ किलोवॅटचा. तासभर पूर्ण आचेवर ठेवला, तर सुमारे ०.२ घनमीटर गॅस. लगेच पाणी तापवून देणारा गीझर २० किलोवॅटच्या घरातला असू शकतो, म्हणजे दसपट. पूर्ण क्षमतेने चाललेल्या गीझरची सहा मिनिटं म्हणजे त्या बर्नरचा एक तास. दोन्ही उपकरणांची क्षमता त्यांच्या पट्टीवर छापलेली असते. अंदाज करण्यापेक्षा ती वाचा.

६० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला, थोडी उष्णता वाया जाते हे धरून, ०.२ घनमीटर लागतो. थंडीत नळाचं पाणीच १० अंशांनी गार झालं, तर तेवढ्याच पाण्याला, तेवढ्याच आंघोळीला ४० टक्के जास्त गॅस. घरात कुणाचीही सवय बदललेली नसते, तरी बिल वाढतं. मागच्या वर्षीचं याच दिवसांतलं बिल काढून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

आठवडाभर रोज एकाच वेळी मीटरचा आकडा लिहा आणि शेजारी एक शब्द: पाहुणे, कपडे धुणं, घर बंद, जे असेल ते. त्यात एक दिवस गीझर न वापरता काढा. त्या दिवशीचा वापर आणि बाकीच्या दिवसांच्या वापराची सरासरी, या दोघांमधला फरक हाच तुमच्या गरम पाण्याचा खर्च.

एवढं झाल्यावर या गोष्टी पाहा:

- गीझरचं तापमान चढं ठेवून नळावर गार पाणी मिसळणं. लागेल तेवढंच तापवा.
- एकाच दांडीचा नळ मधोमध ठेवून हात धुणं. दरवेळी गीझर पेटतो आणि गरम पाणी हातापर्यंत पोचायच्या आत नळ बंद होतो.
- गरम पाण्याचा ठिबकणारा नळ, विशेषतः साठवणीच्या टाकीचा गीझर असेल तर.
- गीझरमध्ये क्षार साठणं: पूर्वीइतकं तापायला जास्त वेळ लागतोय का?
- शेगडीची ज्योत निळी आहे की पिवळी? भांड्यांच्या बुडाला काजळी धरत असेल, तर गॅस नीट जळत नाही.

इशारा: पिवळी ज्योत बिलापुरती गोष्ट नाही. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. गीझर बंद न्हाणीघरात असेल आणि धूर बाहेर न्यायला नळकांडं नसेल, किंवा ते तुंबलेलं असेल, तर बिलाचा विचार नंतर, आधी तो गीझर वापरणं थांबवा.

## पायरी ७: मीटरवरचा संशय, शेवटी

मीटर बिघडतात, पण वरची सगळी कारणं त्याहून जास्त वेळा निघतात. तरी ढोबळ पडताळा घरी घेता येतो. बाकी सगळं बंद करून क्षमता माहीत असलेला एकच बर्नर पूर्ण आचेवर बरोबर ३० मिनिटं चालवा. वर पाण्याचं मोठं भांडं असू द्या आणि तिथून हलू नका. २ किलोवॅटच्या बर्नरला अर्ध्या तासात सुमारे ०.१ घनमीटर लागायला हवा, म्हणजे लाल अंकांत शंभरेक लिटर. ८५ किंवा ११५ आले म्हणून मीटर खोटा ठरत नाही. पट्टीवरची क्षमता आणि गॅसचा दाब यांत तेवढा फरक पडतोच. २०० आले, तर मात्र मीटर तपासणीची मागणी करा. तपासणीचं शुल्क किती आणि दोष निघाला तर ते परत मिळतं का, हे अर्जाआधी विचारा. मीटरचं सील तुम्ही हलवायचं नाही.

## पायरी ८: तक्रार, चार ओळींत

‘बिल खूप जास्त आलं आहे, कृपया लक्ष घालावे’ या तक्रारीला उत्तरही तसंच येतं: ‘वापरानुसार बिल बरोबर आहे.’ आकडे द्या आणि एकच गोष्ट मागा. उदाहरणार्थ:

> ग्राहक क्रमांक अमुक, मीटर क्रमांक तमुक. आधीची दोन बिलं अंदाजे रीडिंगवर आहेत आणि हे बिल प्रत्यक्ष रीडिंगवर. आजचं रीडिंग ०२४१७, तारखेचा फोटो जोडला आहे. तिन्ही बिलांचा एकूण वापर त्या-त्या कालावधीत वाटून टप्प्यांनुसार बिल दुरुस्त करून द्यावं. निर्णय होईपर्यंत किती रक्कम भरायची आणि विलंब शुल्क लागेल का, ते लेखी कळवावं.

शेवटचं वाक्य गाळू नका. वाद चालू आहे म्हणून बिल न भरता बसलेल्यांना पुढच्या बिलात थकबाकी आणि विलंब शुल्क लागू शकतं. तक्रार क्रमांक वहीत त्याच पानावर लिहा.

दुरुस्त बिल हातात आलं की त्यातलं ‘चालू’ रीडिंग तुमच्या फोटोशी जुळवा, आणि पुढच्या बिलात ‘मागील’ रीडिंग म्हणून तोच आकडा आला आहे का, तेही पाहा. दुरुस्ती एका बिलात होते आणि पुढच्या बिलात जुना आकडा पुन्हा डोकं वर काढतो, असं होऊ शकतं.